दाजींनी बसवलेलं नेट

“कचरा झालाय कॉम्प्युटरमध्ये, नुसता कचरा,” दाजी म्हणाले आणि चहाची बशी त्यांनी माझ्या धड्यांच्या कागदांवर ठेवली.

“कसला कचरा, दाजी?”

“तो तुला दिसायचा नाही. आतला असतो तो.”

माऊस त्यांच्या पंजाखाली पार दडपून गेला होता. पडद्यावर एक निळं चक्र मघापासून फिरत होतं. दाजी त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत होते, आणि त्यांच्या मागे माझे वडील, अप्पा, हात बांधून उभे होते. आजाऱ्याच्या नातेवाइकाने डॉक्टरच्या मागे उभं राहावं तसे.

“हितं रिफ्रेश मारायचं,” दाजी म्हणाले. “पाच-सहा वेळा मारलं की मोकळं होतं.”

त्यांनी मारलं. चक्र फिरत राहिलं.

“बघ, फरक पडला.”

“पडला, पडला,” अप्पा म्हणाले.

अप्पांनी उभी हयात एसटी डेपोत काढलेली. त्यांनी माइकवर गाडीचं नाव घेतलं की ड्रायव्हर अर्धा चहा टाकून उठायचे. तो आवाज घराबाहेर कुठेतरी काढून ठेवून अप्पा जावयासमोर यायचे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शर्मिलाअक्काचे यजमान, रणधीरराव. सांगलीच्या एका पतसंस्थेत ते नोकरीला होते. प्रिंटरमध्ये कागद अडकला की तो ओढून काढायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि ते ते चांगलं करत असावेत. पण तासगावात, आमच्या घरात, दाजी कॉम्प्युटर इंजिनीअर होते. ही पदवी लग्नाच्या बैठकीत अप्पांनीच त्यांना दिली, आणि त्यांनी ती कधी परत केली नाही.

“केबलवाला चोर आहे,” दाजींनी आता दुसरं निदान काढलं. “शिवाय तुझी आई मिक्सर लावते. मिक्सरने नेट फाटतं.”

स्वयंपाकघरातला मिक्सर त्याच क्षणी बंद झाला. आईने ऐकलं होतं. राहिलेली वेलची तिने खलबत्त्यात कुटायला घेतली.

नेट फाटलं नव्हतं. ते कुठे अडकलं होतं, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

आमचं नेट मुळात बरं होतं. केबलवाल्याने राउटर समोरच्या खोलीतल्या खिडकीत ठेवला होता, तुळशीकडे तोंड करून. तिथे तो कुणाच्या अध्यात ना मध्यात, गुमान काम करायचा. अक्षय तृतीयेला दाजी आमरस खायला आले, आणि खिडकीकडे बघून एवढ्या मोठ्याने हसले की आई पिठाच्या हातांनी बाहेर आली.

“खिडकीत? टॉवर कधी खाली बसलेला बघितलाय का कुणी? टॉवर उंच पाहिजे. उंचावरनं कसं सगळीकडं सारखं पडतं.”

मग शेजारून ड्रिल आणवलं. स्वयंपाकघराच्या माळ्यावर ज्वारीची आणि गव्हाची अशा पत्र्याच्या दोन थोरल्या कोठ्या होत्या. त्या दोहोंच्या बेचक्यात दाजींनी स्वहस्ते राउटर भिंतीला ठोकला. केबलची वायर लोंबकळते, दिसायला बरी नाही, म्हणून ती बेताची ठेवून बाकीची कापून टाकली. पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड म्हणजे त्यांचंच नाव, पुढे ‘राजे’ लावून. आईने राउटरला हळदकुंकू वाहिलं. अप्पांनी दाजींना टॉवेल-टोपी केली.

त्या दिवसापासून नेट रांगायला लागलं. पुरतं गेलं असतं तर केबलवाल्याला बोलावता आलं असतं, पण ते जातही नव्हतं. पाठीचा टेकू काढलेल्या तान्ह्यासारखं क्षणभर बसायचं आणि कलंडायचं.

मध्ये आईने ज्वारीला ऊन दाखवायला कोठ्या खाली काढल्या. ज्वारी अंगणात पसरली होती तेवढा वेळ नेट वाऱ्यावर सोडलेल्या वासरासारखं उधळलं. संध्याकाळी कोठ्या माळ्यावर गेल्या, आणि वासराच्या गळ्यात परत दावं पडलं. दोन्ही अंगांनी पत्रा; त्यातून लाटा फुटून येणार कशा? यात न कळण्यासारखं काय आहे ते मला आजही कळलेलं नाही. मी अप्पांना म्हटलं, कोठ्या खालीच ठेवू. अप्पा म्हणाले, “आणि जावईबापूंनी विचारलं कोठ्या का हलवल्या, तर काय सांगू?”

“खरं ते सांगा.”

“तू लहान आहेस,” अप्पा म्हणाले. मी तेव्हा पंचविशीत होते.

आणि नेट मला काही गाणी ऐकायला नको होतं. पुण्याची एक संस्था परदेशातल्या मराठी घरांतल्या मुलांना कॉम्प्युटरवरून मराठी शिकवायची. त्यांना शिक्षिका हवी होती. नमुन्याचा एक तास घ्यायचा, तो त्यांना पटला की नोकरी पक्की. तो तास गुरुवारी झाला. झाला म्हणजे काय, मी “चिमणी” म्हणायला तोंड उघडलं आणि पडद्यावर तशीच उघड्या तोंडाची राहिले. पलीकडचं पोरगं हसलं असावं. ऐकू आलं नाही. संस्थेच्या मेधाताई भल्या. त्यांनी फोन करून सांगितलं, “रविवारी अकराला परत बघू. पण तेवढं नेटचं बघा. असंच झालं तर मला दुसरीचा विचार करावा लागेल.”

दुसरीकडे धैर्यशील होता. दाजींचा चुलतभाऊ. मिरजेला खतांचं दुकान, बोटात तीन अंगठ्या. मला बघायला आला तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर त्याने मला एकच प्रश्न विचारला, “जीएसटी भरता येतो का?” दुकानातला माणूस काम सोडून गेला होता म्हणे. हे स्थळ दाजींनी आणलं होतं, म्हणून अप्पांच्या तोंडून नाही निघत नव्हतं. खूप रडारड केल्यावर एवढंच निघालं, “तुझी नोकरी लागली तर तेवढं कारण सांगता येईल मला. नाही लागली तर हा महिना सरला की सुपारी.”

दाजींनी मुद्दाम नेट बिघडवलं, असं मी कधीच म्हणणार नाही. डाव टाकायला अक्कल लागते.

तर तो अधिक ज्येष्ठ होता. धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, पाटावर बसवायचं, लक्ष्मीनारायणाचा जोडा म्हणून लेकीसकट ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वर जाळीदार अनारशांचं वाण द्यायचं. त्यासाठी दाजी आणि अक्का शनिवारी दुपारीच आले होते, आणि चहाबरोबर दाजींनी माझा कॉम्प्युटर हातात घेतला होता.

संध्याकाळी आई कढईशी बसली. अक्का खसखशीवर अनारसे थापून देत होती. आई तळताना गुणगुणत होती. तिची ही सवयच. शब्द तिचेच, चालही तिचीच, कढईच्या आचेबरोबर कमी-जास्त होणारी:

धोंड्याच्या महिन्यात जावई पाटावरी,
लेकीचं माझ्या मन उभं गं उंबऱ्यावरी.

“अक्का,” मी म्हटलं, “तू तरी सांग ना दाजींना. राउटर खाली घेऊ देत. उद्याचा दिवस फक्त.”

“हळू बोल,” आईने झारा थांबवला. “बाहेर ऐकू जाईल.”

“जाऊ दे की.”

“जाऊ दे म्हणायला तुझं काय जातंय? भोगायला ही आहे.”

आईने अक्काकडे हनुवटी केली. अक्का अनारसा थापत राहिली.

आईला काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी दिवाळीत दाजींनी आमच्या पंख्याचं बटण दुरुस्त करायला घेतलं, आणि सगळ्या आळीची वीज गेली. अप्पा एवढंच म्हणाले, “जावईबापू, तेवढं वायरमनला करू द्या.” दाजी भरल्या ताटावरून उठले. अक्काला घेऊन मिळेल त्या गाडीने सांगलीला गेले. दुसऱ्या दिवशी अप्पा त्यांच्या मागोमाग गेले आणि साठीच्या माणसाने जावयाच्या पायावर डोकं ठेवलं. तरी पुढचं वर्षभर अक्का माहेरी आली नाही. दिवाळीला नाही, पंचमीला नाही. आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हाही नाही. आई शुद्धीवर आली आणि दाराकडे बघत राहिली, ते मी बघितलंय.

तेव्हापासून आमच्या घरात दाजींना कुणी नाही म्हणत नव्हतं. त्यांनी पश्चिमेला दक्षिण म्हटलं असतं तर अप्पांनी तुळस हलवली असती.

“अक्का, बोल ना काहीतरी.”

“खसखस कमी पडतीय,” अक्का म्हणाली.

मला तिची कीव आली. आणि कीव खरवडली की खाली जो राग लागतो, तोही आला. हिला कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस होतं. आता हिच्या तोंडून खसखस सोडून काही निघत नव्हतं. पाच वर्षांनी मी मिरजेत खतांच्या पोत्यांमध्ये बसून हेच बोलत असेन, असं मला दिसलं.

रविवारी सकाळी अंघोळ करून मी समोरच्या खोलीत आले तर दाजी कॉम्प्युटरपुढे बसलेले. कपाळाला गंध, अंगात नवा सदरा, हातात पेनड्राइव्ह.

“मयू, रात्रभर विचार केला मी. एकच इलाज आहे. फॉरमॅट मारतो. समूळ धुऊन निघेल. अर्ध्या तासात नवाकोरा.”

“दाजी, माझे सगळे धडे आहेत त्यात. चित्रं आहेत. अकराला तास आहे माझा.”

“धडे काय, परत लिहायचे. लिहिल्याने अक्षर सुधारतं.”

“दाजी, राउटर खिडकीत होता तेव्हा नीट चालत होतं.”

दाजींनी खुर्ची वळवली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या तशा झाल्या.

“म्हणजे मी बसवलं म्हणून बिघडलं?”

“तसं नाही म्हणायचं तिला,” दारातून अप्पा जवळजवळ धावत आले. “पोर आहे हो. मारा तुम्ही फॉरमॅट, मारा. मयू, बाजूला हो.”

मी झाले नाही. कॉम्प्युटरच्या पेटीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिले. दाजी पेनड्राइव्ह खुपसायला भोक शोधत होते. त्यांना ते सापडत नव्हतं; ते पुढच्या बाजूला होतं आणि ते मागे चाचपत होते.

“अहो,” मधल्या खोलीतून अक्काची हाक आली, “पाट मांडलाय. आई ताटकळलीय ओवाळायला. साडेबाराची गाडी धरायची ना आपल्याला?”

दाजींना ओवाळून घ्यायला आवडायचं. त्यांनी पेनड्राइव्ह खिशात टाकला. “जेवून मारतो,” म्हणाले.

मधल्या खोलीत रांगोळी रेखली होती. दाजी आणि अक्का शेजारी शेजारी पाटावर बसले. अप्पांनी दाजींचे पाय धुतले, पुसले. आईने निरांजन ओवाळलं. वाणाचे तेहेतीस अनारसे चांदीच्या ताटलीत रचलेले, त्यावर दिवा. ज्योतीच्या उजेडात दाजींचा चेहरा खरोखरच देवासारखा दिसत होता: काही न करता सगळं मिळतंय अशा माणसाचा. मग अक्का पाटावरून उठून वाढायला लागली, आणि दाजींनी धोंड्याचा पहिला घास मोडला. मी कॉम्प्युटरशी जाऊन बसले.

अकराला मेधाताईंचा चेहरा पडद्यावर आला. चौकटी-चौकटीने, फरशी बसवावी तसा. त्यांच्या शेजारच्या खिडकीत एक गोबरा मुलगा.

“हा विहान,” मेधाताई म्हणाल्या. “विहान, ताईंना नम—”

नमस्कारातला ‘स्कार’ आलाच नाही. विहानचा हात अर्ध्यात थांबला. निळं चक्र आलं. मी रिफ्रेश मारलं. हो, मीही मारलं. माणूस घाबरला की कुठल्याही देवाला हात जोडतो. काही नाही. फोन वाजला.

“मयूरी, परत तेच झालं,” मेधाताई म्हणाल्या. “मी दहा मिनिटं थांबते. त्या मुलाकडे आता झोपायची वेळ होईल. दहा मिनिटांत जमलं तर बघा. नाही तर... तुमचा आवाज छान आहे हो, पण माझाही नाइलाज आहे.”

मी मधल्या खोलीत गेले. दाजी जेवत होते. अप्पा पंख्याखालीही हातपंख्याने त्यांना वारा घालत होते.

“अप्पा, मी राउटर काढतेय,” मी म्हटलं.

“काढायचा नाही,” दाजी घासाआडून म्हणाले. “आहे तेच बरोबर आहे. सायन्स आहे त्याच्यामागं. रिफ्रेश मार.”

“दाजी, दहा मिनिटं आहेत माझ्याकडे.”

“मग फॉरमॅट का मारू दिला नाहीस? आता माझ्या कामाला नावं ठेवते. अप्पा, हे काय चाललंय? मी जेवायचं का उठायचं?”

अप्पांनी पंखा खाली टाकला. ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आडवे उभे राहिले, आणि त्यांनी हात जोडले. आधी माझ्याकडे बघून. मग वळून ताटाकडे.

“जावईबापू, पोरीचं मनावर घेऊ नका. घास खाली ठेवू नका. मी माफी मागतो.” आणि ते वाकायला लागले. गुडघे दुखायचे त्यांचे, भिंतीला हात लावून हळूहळू वाकत होते.

“अप्पा, हात खाली घ्या.”

अक्का बोलली होती. हा आवाज घरात बरीच वर्षं कुणी ऐकला नव्हता, म्हणून आधी सगळ्यांनी दाराकडे बघितलं, बाहेरचं कोण आलंय म्हणून.

अक्काने हातातलं वाढप खाली ठेवलं. अप्पांच्या खांद्याला धरून त्यांना सरळ केलं, हळूच दारातून बाजूला केलं. पदर खोचला, स्वयंपाकघरातलं स्टूल माळ्याखाली ओढलं आणि वर चढली.

“शर्मिला,” दाजी ओरडले, “उतर खाली! नाही तर मी ताटावरनं उठतो.”

“उठा.”

दाजी उठले नाहीत. आजवर हे उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं.

“साडेबाराची गाडी आहे,” अक्का कोठ्यांच्या मध्ये हात घालत म्हणाली. “जायचं तर जा. मी दोन दिवस राहणार आहे.”

“अगं बाई, उतर,” अप्पांचा आवाज फाटला. “मागच्यासारखं होईल. वर्ष वर्ष धाडायचे नाहीत तुला. तुझी आई त्या वेळी—”

“यांनी कधी अडवलं होतं मला?”

अक्का स्टुलावर वळली. तिच्या केसांना जाळी-जळमटं लागली होती.

“यांनी नाही अडवलं. मीच आले नाही. तुम्ही सांगलीला आलात, अप्पा, आणि माझ्या दारात यांच्या पायावर डोकं ठेवलंत. शेजारच्या बायका नळावर उभ्या होत्या. बादल्या वाहत होत्या आणि त्या बघत होत्या. एका पंख्याच्या बटणासाठी. त्या माणसाच्या घरी माहेर म्हणून यायचं कसं, ते मला कळेना.”

“माझं ऑपरेशन झालं तेव्हा—” आई म्हणाली.

“स्टँडवर आले होते, आई. तासगावची गाडी लागली होती. हात दांडीला लावला आणि माघारी फिरले.”

“आणि दाजी?” मी विचारलं. “दाजींनी का नाही सांगितलं, मी अडवलं नाही म्हणून?”

“का सांगतील? बरं वाटत होतं त्यांना.” अक्काने नवऱ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर दाजींना सोपं गेलं असतं. “सगळं घर आपल्याला भितंय, कुणाला नको वाटेल? आमच्या घरी हे असे नसतात. गॅसची टाकी बदलायची तरी मला हाक मारतात. पाव आणायला सांगितला तर दोनदा विचारतात, कुठला आणू. हितं उंबऱ्याच्या आत आले की देव होतात. हितल्या पाण्यात काय आहे ते तुम्हीच बघा.”

दाजी ताटातल्या वाटीकडे बघत होते. खरं नाही, असं ते म्हणाले नाहीत.

अक्काने राउटरला हिसका दिला. स्क्रू भिंतीत धड बसलाच नव्हता. चुन्याच्या पोपड्यासकट तो तिच्या हातात आला, आणि पांढरा भुगा खाली पुरणाच्या झाकणावर पडला. ती राउटर घेऊन उतरली. पण वायर कापून आखूड केलेली. ती ओट्यापर्यंत जेमतेम आली. समोरच्या खोलीची खिडकी तर फार दूर राहिली.

“झालं,” मी म्हटलं. “आता काय?”

“आता काय म्हणजे? राउटर तिकडे जात नाही तर कॉम्प्युटर इकडे आण. उभी काय राहिलीस?”

मी पेटी छातीशी धरून आणली. आईने पडदा पदरात गुंडाळून आणला, तान्हं मूल आणावं तसा. मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात जायचं तर पाटावरून जायला लागायचं. आम्ही दोघी रांगोळी चुकवत, दाजींच्या ताटाला वळसा घालून गेलो. माझ्यामागे लोंबणारी एक वायर त्यांच्या खांद्यावरून घसरत गेली. ते थोडे बाजूला सरकले.

ओट्यावर परातीच्या शेजारी जागा झाली. अक्काने वायरी लावल्या. दिवा लागला, पडदा उजळला, आणि मेधाताई एका झटक्यात आल्या. सबंध. डोळ्यांच्या कडांच्या सुरकुत्यांसकट.

“अरे वा,” त्या म्हणाल्या. “पण हे कुठे बसलायत तुम्ही?”

“स्वयंपाकघरात,” मी म्हटलं. माझे धड्यांचे कागद बाहेर राहिले होते, आणि कॉम्प्युटरमधली चित्रं शोधायला वेळ नव्हता.

विहान डोळे चोळत होता. त्याने माझ्या मागे बोट केलं. “दॅट काय आहे? होल्स आहेत.”

मी मागे बघितलं. वाणातून उरलेले अनारसे चाळणीत होते.

“तो अनारसा,” मी म्हटलं. एक उचलून कॅमेऱ्यापुढे धरला, इतका जवळ की जाळीतून त्याचा चेहरा मला दिसला. “याला जाळी म्हणतात. म्हण बघू.”

“जाळी.”

“कढईत पडला, खसखस ल्याला,
जाळीतून बघतो, पाहुणा कोण आला.”

हे मी कुठे वाचलं नव्हतं. तिथल्या तिथे आलं, आईच्या चालीवर. विहानने ते म्हटलं. मग त्याला कढई बघायची होती, मग झारा, मग पोळपाट. प्रत्येकाची ओळ झाली. आई एकेक वस्तू कॅमेऱ्यापुढे धरत होती, आणि मला शब्द सुचेना तेव्हा मागून हळूच पुरवत होती. पलीकडे झोपेला आलेलं पोरगं कॉटवर उभं राहून “लाटणं, लाटणं” करत नाचत होतं. एकदाही चक्र आलं नाही. शेवटी मेधाताई म्हणाल्या, “मयूरी, उद्यापासून सुरुवात करू. पण मला आधी सांगा, हे अनारसे पुण्याला पाठवता येतील का?”

मी तास संपवून मागे वळले तेव्हा अप्पा स्वयंपाकघराच्या दारात होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“लागली?” त्यांनी विचारलं.

“लागली.”

“मग मी... धैर्यशीलच्या घरी...” त्यांनी मधल्या खोलीकडे बघितलं, सवयीने. मग नजर मागे घेतली. हातांचं काय करावं ते त्यांना समजत नव्हतं. ते एकमेकांत गुंतवत होते आणि सोडवत होते. “मी संध्याकाळी फोन करतो. सांगतो, आमची तयारी नाही.”

“नोकरीचं कारण सांगणार?” अक्काने विचारलं.

अप्पांनी गुंतवलेले हात सोडवले. “नको,” म्हणाले. “कारण कशाला सांगायचं?”

अक्का तिथून माठाकडे गेली आणि तांब्या भरून त्यांच्या हातात दिला. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती.

मधल्या खोलीत दाजी अजून पाटावरच होते. ते गेले नव्हते. आम्ही सगळी ओट्याशी गोळा झालो होतो तेवढा वेळ त्यांना कुणी वाढलं नव्हतं, आणि ताटातलं होतं ते संपलं होतं. फक्त एक धोंडा कोरडा उरला होता. रांगोळी माझ्याच पायाने एका कोपऱ्यात पुसली गेली होती. निरांजन विझलं होतं. विझल्यावर दाजींचा चेहरा पतसंस्थेतून दमून घरी आलेल्या, चाळिशीकडे झुकलेल्या कुठल्याही माणसाचा दिसत होता.

ते खाकरले.

“शर्मिला,” ते म्हणाले. आवाज साधा होता. सांगलीच्या घरात हाच असावा. “जरा तूप वाढतीस का?”

अप्पा पुढे निघाले. आईचा हातही आपसूक पुढे गेला. अक्काने दोघांना डोळ्यांनीच थांबवलं, आणि अनारशांच्या चाळणीवर फडकं टाकत म्हणाली,

“पुढ्यातच आहे की. घ्या.”

दाजींनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग स्वतःच हात लांब केला आणि तुपाचं भांडं ओढून घेतलं.